दिराचा अपघात, वहिनीची पॉलिसी

नमस्कार काका,

आम्ही रेडिंगला राहतो. गाडी माझ्या नावावर, पॉलिसीही माझ्याच नावावर, नवरा नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे गाडी चालवणारा म्हणून पॉलिसीत नाव नोंदलेला. धाकटा दीर दोन वर्षांपूर्वी शिकायला आला, आता इथेच नोकरीला लागलाय आणि आमच्याकडेच राहतो. जानेवारीत मी ऍपवरून त्याचंही नाव पॉलिसीत घातलं. परवा त्याच्या नावाने एक पत्र आलं. दोघा भावांचं आद्याक्षर एकच, म्हणून नवऱ्याचं समजून मी ते फोडलं, तर आत नोव्हेंबरमधल्या अपघाताच्या क्लेमबद्दल मजकूर. दिराला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की एका दिवसाचा इन्शुरन्स काढून तो मित्राची गाडी चालवत होता आणि सिग्नलला पुढच्या गाडीला मागून धडकला. त्याचं म्हणणं, "वहिनी, गाडी तुमची नाही, पॉलिसी तुमची नाही, मग तुमच्या कंपनीचा काय संबंध? जूनमध्ये रिन्यूअलला माझं नाव काढून टाक, विषय संपला. आणि दादाला सांगू नकोस, तो उगाच चिडेल." मैत्रिणींना विचारलं तर म्हणाल्या, सांगू नकोस, नो क्लेम बोनस जाईल. पुण्याचा भाऊ म्हणतो, असलं कोण विचारतं? मी काय करू?

— एक वहिनी

---

वहिनी, कंपनीला सांगा. जूनची वाट न बघता या आठवड्यातच फोन करा.

दिराचं "विषय संपला" इथे लागू पडत नाही. अपघात नोव्हेंबरचा, आणि नाव तुम्ही घातलंत जानेवारीत. पत्रात या दोन गोष्टी लांब लांब आल्यात, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. नवा ड्रायव्हर घालताना ऍप विचारतंच: या ड्रायव्हरला गेल्या पाच वर्षांत (काही कंपन्या तीन म्हणतात) काही अपघात, क्लेम किंवा नुकसान झालंय का, चूक कोणाचीही असो, क्लेम केला असो वा नसो. तुम्ही दिराकडून लायसन्सचा नंबर आणि तारीख मागून घेतली असेल, पण हा प्रश्न त्याला वाचून दाखवला नसेल. "नाही"वर बोट ठेवलं आणि पुढे गेलात. जानेवारीतला कंपनीचा ईमेल उघडा. त्यात 'स्टेटमेंट ऑफ फॅक्ट' नावाचा कागद जोडलेला असेल. एकेका ड्रायव्हरचं नाव, जन्मतारीख, नोकरी, लायसन्सचा प्रकार, आणि खाली अपघात-क्लेमचा रकाना. दिराच्या रकान्यात 'काही नाही' असं छापलेलं असेल, तर आज तुमच्या नावाने एक चुकीचं विधान कंपनीच्या दप्तरी आहे. त्या दिवशी तुम्हाला ते चुकीचं आहे हे ठाऊक नव्हतं. परवा ते पत्र फोडल्यापासून ठाऊक आहे. तुमच्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आधी पुण्याच्या भावाचं बघू, कारण इथल्या निम्म्या मराठी घरांत गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. भारतात इन्शुरन्स गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कोणीही ती चालवू शकतो. प्रीमियम ठरतो गाडीवरून, म्हणजे मॉडेल, वय, इंजिन, आयडीव्ही (कंपनीने धरलेली गाडीची किंमत) यांवरून. आणि मालकाच्या नो क्लेम बोनसवरून, जो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. आतेभावाने गेल्या वर्षी कोणाची गाडी ठोकली याच्याशी तिथल्या कंपनीला काही घेणंदेणं नसतं. ब्रिटनमध्ये गाडीइतकाच माणूस मोजला जातो. गाडी चालवणार असलेल्या प्रत्येकाचं वय, लायसन्स किती जुनं, काम काय, पेनल्टी पॉइंट किती आणि अपघात किती, हे सगळं मिळून प्रीमियम ठरतो. ज्याचं नाव पॉलिसीत नाही त्याने तुमची गाडी सोसायटीच्या दारातून कोपऱ्यापर्यंत नेली, तरी तो सहसा विनाइन्शुरन्स गाडी चालवतोय असं धरतात. म्हणून "गाडी तुमची नव्हती" या युक्तिवादाला इथे अर्थ उरत नाही. कंपनी गाडीची कुंडली विचारत नाहीये, दिराची विचारतेय. जाता जाता हेही सांगतो: प्रश्नात देशाची अट घातलेली नसेल, तर चार वर्षांपूर्वी कर्वे रोडवर झालेली धडकही त्यात येते. तोही प्रश्न दिराला विचारून घ्या.

आता मैत्रिणींचा नो क्लेम बोनस. तो जाणार नाही. बोनस पॉलिसीधारकाचा असतो, म्हणजे तुमचा, आणि तुमच्या पॉलिसीवर क्लेम झालेला नाही. दिराने तुमची गाडी ठोकली असती आणि तुमच्या पॉलिसीतून पैसे गेले असते, तर बोनसला कात्री लागली असती. इथे ते झालेलं नाही. मित्राचाही बोनस बहुधा शाबूत असेल, कारण एका दिवसाचा इन्शुरन्स ही वेगळी पॉलिसी असते. लोक ती घेतात त्याचं एक कारण तेच. मात्र बोनस आणि प्रीमियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोनसची वर्षं तितकीच राहतील, पण ज्या मूळ रकमेवर तो मिळतो ती रक्कम दिराच्या अपघातामुळे वाढू शकते. 'प्रोटेक्टेड' बोनस घेतलेल्यांचाही नेमका हाच गैरसमज असतो. त्यात सवलत जपली जाते, किंमत नाही.

"पण त्यांना कळणार कसं?" हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मैत्रिणींच्या बोलण्यात ते असणारच. ब्रिटनमधल्या मोटर इन्शुरन्स कंपन्यांचा क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज नावाचा सामायिक डेटाबेस आहे. धंद्यातले लोक त्याला नुसतं 'क्यू' म्हणतात. तो मोटर इन्शुरर्स ब्युरो चालवतं. एका कंपनीकडे नोंदलेला अपघात दुसऱ्या कंपनीला तिथे दिसतो, आणि पैसे दिले गेले नसले, नुसतं "माहितीसाठी" कळवलं असलं तरी नोंद होऊ शकते. काही कंपन्या पॉलिसी देतानाच तिथे डोकावतात. बऱ्याच कंपन्या डोकावतात ते तुमचा क्लेम आल्यावर. मी कित्येक वर्षं क्लेम विभागात काढली. तिथे फाइल हातात आली, की ड्रायव्हरची नावं डेटाबेसमध्ये टाकून बघणं हे चहा मागवण्याआधीचं काम. म्हणजे "आजवर कोणी काही म्हटलं नाही" याचा अर्थ तुमच्यावर अजून क्लेम करायची वेळ आली नाही, एवढाच. स्वतःची नोंद स्वतःला मागवता येते. दिराला ती मागवायला सांगा. त्याची त्यानेच मागवायची, ती तुम्हाला मिळणार नाही.

त्या नोंदीत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसेल: 'फॉल्ट'. त्याने पुष्कळ लोक दुखावतात. इन्शुरन्सच्या भाषेत फॉल्ट म्हणजे नैतिक चूक नव्हे. दिलेले सगळे पैसे कंपनीला दुसऱ्या कोणाकडून वसूल करता आले नाहीत, की तो क्लेम फॉल्ट. टेस्कोच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कोणी अज्ञात इसम घासून पळाला, तरी वसुली करायला कोणी सापडला नाही म्हणून तुमच्या नावावर फॉल्ट लागतो. दिराच्या बाबतीत वाद फारसा नाही. मागून धडकला आहे, तेव्हा फॉल्टच असणार. बघायचं ते हे, की क्लेम बंद झालाय की उघडा आहे. तुम्ही फोडलेल्या पत्रात नेमकं काय लिहिलंय ते नीट वाचा. पुढच्या गाडीचा बंपर दुरुस्त होऊन सगळं मिटलं असं दीर समजत असेल, पण त्या गाडीत बसलेल्याला मानेच्या दुखण्याचा दावा करायला कायद्याने साधारण तीन वर्षं मिळतात. नोव्हेंबरच्या अपघाताचं पत्र मे महिन्यात येतंय, त्यावरून मला वाटतं की तिकडे काहीतरी अजून चालू असावं. क्लेम उघडा असेल तर तसंच सांगायचं: "अजून मिटलेला नाही." अंदाजाने आकडे सांगू नका.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो तुमच्या बाजूने बराच आहे, पण एका अटीवर. पूर्वी इथे १९०६च्या मरीन इन्शुरन्स ऍक्टचं राज्य होतं. कंपनीने विचारो न विचारो, महत्त्वाचं असेल ते सगळं ग्राहकाने आपण होऊन सांगायचं, आणि राहिलं तर पॉलिसी मुळापासून रद्द. घरगुती ग्राहकांपुरतं हे २०१२च्या कन्झ्युमर इन्शुरन्स कायद्याने बदललं. तो ६ एप्रिल २०१३ला लागू झाला. आता तुमचं कर्तव्य एवढंच, की विचारलेल्या प्रश्नांना चुकीचं उत्तर जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची. काळजी घेऊनही चूक राहिली तर कंपनी काही करू शकत नाही. निष्काळजीपणाने चूक झाली तर नियम वेगळा. आणि जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं सांगितलं, तर कंपनी पॉलिसी सुरुवातीपासून रद्द ठरवू शकते, सगळे क्लेम नाकारू शकते आणि सहसा प्रीमियमही परत करत नाही.

जानेवारीतल्या तुमच्या त्या "नाही"ला माझ्या मते निष्काळजी म्हणतील. प्रश्न स्पष्ट होता, ज्याच्याबद्दल होता तो माणूस त्याच घरात राहत होता, विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पूर्ण निर्दोष म्हणवून घ्यायचं असेल तर "मी त्याला विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला" असं असायला हवं. तसं खरंच झालं असेल तर ते जरूर सांगा. झालं नसेल तर आता रचू नका. निष्काळजी ठरलात तरी आभाळ कोसळत नाही. अशा वेळी कंपनीने स्वतःला विचारायचं असतं: खरं कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं? जास्त प्रीमियम घेतला असता, एवढंच उत्तर असेल, तर क्लेम त्या प्रमाणात कापला जातो. समजा तुम्ही ६४० पौंड भरलेत आणि खरी माहिती दिली असती तर ८०० झाले असते. म्हणजे तुम्ही ८० टक्के भरलेत. उद्या गाडी चोरीला गेली आणि ती ९,००० पौंडांची धरली, तर तुम्हाला ७,२०० मिळतील, त्यातून एक्सेस (क्लेममधला आपण स्वतः सोसायचा वाटा) वजा. १६० पौंड वाचवायच्या नादात १,८०० गेले. आणि खरं कळल्यावर दिराला पॉलिसीत घेतलाच नसता, असं कंपनीने दाखवलं तर गणित आणखी वाईट होतं. त्यावरही एक बारकावा आहे. नंतर ड्रायव्हर घालणं हा पॉलिसीतला बदल असतो, आणि तो बाकीच्या करारापासून वाजवीपणे वेगळा काढता येत असेल, तर चुकीचा परिणाम त्या बदलापुरताच धरावा, अशी तरतूद त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. प्रकरण वाकडं गेलं तर तिच्यावर बोट ठेवता येईल. मात्र ते हमखास चालेल असं धरून बसू नका.

दिराने उद्या तुमच्या गाडीने कोणाला धडक दिली, तर त्या तिऱ्हाइताचं नुकसान रोड ट्रॅफिक ऍक्टखाली बहुतेक वेळा कंपनीला भरावंच लागतं. मग "कंपनीने दिले की" असं म्हणून सुटका होत नाही, कारण काही प्रसंगी ती रक्कम कंपनी तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. थर्ड पार्टीचे आकडे बंपरचे नसतात.

आता अट काय ती सांगतो. वरचं सगळं "निष्काळजी" या रकान्यात राहिलात तर. जूनचं रिन्यूअलचं पत्र येईल, त्यात सगळ्या ड्रायव्हरांची माहिती पुन्हा छापलेली असेल आणि खाली ओळ असेल, की यातलं काही चुकलं असेल किंवा बदललं असेल तर कळवा. ऑटो-रिन्यूअल चालू आहे, आपण कुठे काही बोललो, असं वाटेल. पण माहिती तपासून दुरुस्त करायला सांगितल्यावर गप्प राहणं हेसुद्धा चुकीचं विधान धरता येतं, असं २०१२च्या कायद्यात लिहिलेलं आहे. जानेवारीत तुम्हाला ठाऊक नव्हतं. जूनमध्ये ठाऊक असेल. तेव्हाचं मौन निष्काळजी या रकान्यात बसणार नाही. खोटं सांगून इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मिळवणं हा इथे गुन्हाही आहे. या सल्ल्याच्या सदरात मला भीती घालायला आवडत नाही, पण दीर "विषय संपला" म्हणतो तेव्हा त्याला हे दाखवा.

फोन कसा करायचा? आधी दिराला समोर बसवून कागदावर घ्या: अपघाताची तारीख, जागा, कोणाची गाडी, एका दिवसाची पॉलिसी कोणत्या कंपनीची, क्लेम नंबर, किती पैसे दिले गेले, कोणाला दुखापत, क्लेम चालू की बंद. पोलिस आले होते का आणि नंतर काही दंड किंवा पॉइंट लागले का, हेही विचारा, कारण तो वेगळा प्रश्न असतो आणि लोक तो अपघाताच्या पोटात घालून विसरतात. मग कंपनीला फोन लावा आणि साध्या शब्दांत सांगा: "जानेवारीत मी एक नेम्ड ड्रायव्हर घातला. त्याला त्याआधी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या गाडीवर अपघात झाला होता, हे मला आता कळलं. माहिती दुरुस्त करायची आहे." कळलं कसं, तेही सांगा, पत्र फोडल्याची लाज वाटू देऊ नका. गाडी नेम्ड ड्रायव्हरने चालवली होती, तुमची नव्हती, तुमच्या पॉलिसीवर क्लेम नाही, हे त्यांच्याकडून परत वाचून घ्या. कॉल सेंटरमधली व्यक्ती घाईत हा अपघात तुमच्याच नावावर टाकते, असं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मग तो पाच वर्षं मागे लागतो. सगळं झाल्यावर दुरुस्त केलेलं स्टेटमेंट ऑफ फॅक्ट ईमेलवर मागवा. ते येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

पुढे काय होईल? बहुधा उरलेल्या महिन्याचा थोडा जादा प्रीमियम आणि बदलाची ऍडमिन फी मागतील. काही कंपन्या म्हणतील, हा ड्रायव्हर आम्हाला नको, काढा. क्वचित एखादी म्हणेल, पॉलिसीच संपवतो. क्लेम झालेला नसताना अशी चूक सापडली तर वाजवी नोटीस देऊन तसं करण्याचा त्यांना अधिकार आहे. असं बोलणं निघालं तर लगेच विचारा, "मी स्वतः रद्द केली तर चालेल का?" हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो फार मोठा आहे. "तुमची पॉलिसी कधी कोणत्या कंपनीने रद्द केली आहे का?" हा प्रश्न पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये येतो, आणि "हो" म्हटलं की भाव असे चढतात की अपघात परवडला. मात्र दुसरी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका. एक दिवस मध्ये गेला तरी गाडी विनाइन्शुरन्स.

कंपनी वाजवीपेक्षा जास्त कडक वागली, सरळसरळ "तुम्ही मुद्दाम लपवलंत" असा शिक्का मारला, तर लेखी तक्रार करा. मुद्दाम होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर आहे. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर आलं नाही, किंवा आलेलं अंतिम उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. ग्राहकाला एक पेनीही लागत नाही. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जायचं. तुम्ही आपण होऊन, क्लेम नसताना, कळल्याच्या आठवड्यात फोन केलात, ही गोष्ट तिथे तुमच्या बाजूने बोलेल.

जूनमध्ये त्याचं नाव काढायचं की ठेवायचं, हा मग निव्वळ हिशेबाचा प्रश्न राहतो. नवीन पॉलिसीत तो ड्रायव्हरच नसेल तर त्याचा अपघात सहसा विचारला जात नाही. तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. पण मग त्याने तुमच्या गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही, सासूबाईंना हीथ्रोवरून आणायलासुद्धा नाही. रेडिंगहून विमानतळाची बस सुटते, त्या बसने त्याने जावं, किंवा त्या दिवसापुरता स्वतंत्र इन्शुरन्स काढावा, आणि त्या फॉर्ममध्येही हाच प्रश्न येईल तेव्हा खरं उत्तर द्यावं. कंपेअर करायच्या साइटवर एकदा त्याला धरून आणि एकदा वगळून असे दोन्ही भाव काढून बघा. प्रत्येक ठिकाणी उत्तरं तीच ठेवा. एकीकडे अपघात आहे, दुसरीकडे नाही, असं करून भाव किती उतरतो ते बघायचा मोह होतो, आणि कंपन्या असे बदल टिपून ठेवतात. तो रोज ऑफिसला तुमचीच गाडी नेत असेल तर वेगळी गोष्ट. मग मुख्य ड्रायव्हर तोच आहे, आणि तुमच्या नावाआड त्याला स्वस्तात ठेवणं याला इथे 'फ्रंटिंग' म्हणतात. ते फसवणुकीत मोडतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण घरात एकच गाडी आणि चालवणारे तीन असले की हे नकळत घडतं, म्हणून सांगितलं.

राहिला दादा. "त्याला सांगू नकोस" हे ओझं तुम्ही उचलायचं कारण नाही. चिडेल, हे मान्य. पण त्याच पॉलिसीवर तोही गाडी चालवतो. पॉलिसीत चूक असताना त्याच्या हातून उद्या काही झालं, तर कापला जाणारा क्लेम त्याच्या गाडी चालवण्याचा असेल आणि कारण त्याला माहीतही नसेल. दिराला सांगा, "कंपनीला मी गुरुवारी फोन करतेय. त्याआधी बुधवारी रात्री तू दादाला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन." वयाने धाकटा असला तरी कमावता आहे, भावासमोर बसून एक वाक्य बोलणं त्याला जमेल. पत्र फोडल्याबद्दल नवऱ्याने काही म्हटलं, तर आद्याक्षराचं कारण पुरेसं आहे. तोवर गाडी दिराला देऊ नका. आज तो कागदोपत्री इन्शुअर्ड दिसतो, पण त्या कागदावरची त्याची माहिती चुकीची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असताना दिलेल्या किल्लीचं स्पष्टीकरण नंतर अवघड जातं.

जादा प्रीमियम आणि ऍडमिन फी दिराकडून घ्या. तो "नंतर बघू" म्हणेल. फोन झाल्यावर कंपनीने सांगितलेला आकडा त्याला तिथेच मेसेज करा आणि त्याच दिवशी बँकेत जमा करायला लावा. नोकरी लागली आहे, तेव्हा संकोच करू नका.

— काका